बुंध्यात काय ओतलं ते बिलावर लिहायला लावा : वृक्ष प्राधिकरणाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य, वृक्ष प्राधिकरण, आणि उद्यान विभागातले वृक्ष अधिकारी,

नमस्कार. मी तुमच्याच शहरात एकतीस वर्षं राहणारी एक घरमालकीण. तोडलेल्या झाडाच्या बुंध्यात ओतलेल्या औषधाने बाजूची झाडं वाळायला लागली म्हणून तक्रार अर्ज दोनदा दिलाय, पोचपावती आहे माझ्याकडे, पण अर्जाच्या त्या चार ओळींच्या चौकटीत जे मावत नाही ते सगळं इथे लिहितेय, आणि उघड लिहितेय कारण हे फक्त माझ्या अंगणापुरतं नाहीये.

आमच्या कंपाउंडला लागून काशीदचं झाड होतं. मोठं झालं तशी भिंत फुगली, मग तडा गेला, गेल्या पावसाळ्यात भिंतीचा एक तुकडा शेजारच्या काकूंच्या बाजूला पडला. नशीब की रात्री पडला. मग आम्ही रीतसर अर्ज केला, तुमचे साहेब येऊन बघून गेले, झाडावर नोटीस चिकटवली, कुणाची हरकत आली नाही, डिपॉझिट भरलं, त्या बदल्यात झाडं लावायचं लिहून दिलं, ती लावलीसुद्धा. हे सगळं मला पटलेलं आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर झाडाचं वय मोजून तेवढी नवी झाडं लावायची अट आली तेव्हा आमच्या गल्लीत बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती, मी नव्हती मुरडली. झाड तोडणं सोपं नसलंच पाहिजे.

परवानगी मिळाल्यावर आम्ही झाडं तोडणारी एक कंपनी बघितली. नाव लिहीत नाही, ते तुमच्या फायलीत आहे. त्यांच्याकडे क्रेन होती, दोर बांधून फांद्या उतरवणारी माणसं होती, आणि खरं सांगायचं तर एप्रिलमध्ये त्यांनी ते झाड फार छान उतरवलं, एक कौल फुटलं नाही. कोटेशनमध्ये एक ओळ होती, "बुंधा ट्रीटमेंट, परत फुटणार नाही याची गॅरंटी". मी तेव्हा विचारलं नाही की ट्रीटमेंट म्हणजे काय. मला वाटलं मीठ नाहीतर चुना वगैरे घालत असतील. ती ओळ वाचून मी सही केली, आणि या सगळ्यात माझी चूक कुठली तर ती ही, ती मी कबूल करते.

काशीद तोडलं तरी फुटतंच, ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये. मे महिन्यात बुंध्याला चहूबाजूंनी फुटवे आले, गुडघ्याएवढे झाले. मी फोन केला, ते म्हणाले गॅरंटी आहे मॅडम, पोरगा पाठवतो. आणि खरंच पाठवला. वीस-एकवीस वर्षांचा असेल, पाठीवर फवारणीचा पंप, ड्रिल मशीन, आणि पिशवीत दोन बाटल्या. बाटल्या पाण्याच्या, म्हणजे आपण स्टेशनवर घेतो तसल्या मिनरल वॉटरच्या, वरचा कागद फाडलेला, आत पिवळसर तपकिरी काहीतरी. दुपारचे अडीच-तीन वाजले असतील, मेमधला तो गरम वारा सुटलेला होता, आणि त्या वाऱ्यात त्याने फुटव्यांवर पंप मारला, मग बुंध्याला भोकं पाडून त्यात बाटलीतलं ओतलं, आणि उरलेलं भोवतीच्या मातीत. हातात ग्लोव्हज नाहीत, तोंडाला एक रुमाल, पायात चपला. मी त्याला लिंबू सरबत दिलं. त्याने हात नळाखाली नुसते भिजवले आणि ग्लास घेतला. मला तेव्हा काहीच कळत नव्हतं पण आता रात्री आठवलं की पोटात गोळा येतो. जाताना एक बाटली धुण्याच्या दगडावर विसरून गेला, तळाला दोन बोटं औषध उरलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या भाडेकरूंची पाच वर्षांची मुलगी ती उचलून बघत होती. मी धावत जाऊन हातातून घेतली. झाकण घट्ट होतं म्हणून, नाहीतर पुढचं लिहायची माझी हिंमत नाही. तणनाशकांमध्ये पॅराक्वाट नावाचं एक आहे, त्यावर उतारा नाही, पोटात गेलं तर डॉक्टरसुद्धा हात टेकतात. या बाटलीत ते नव्हतं असं मी कशाच्या जोरावर म्हणू? वर नाव कुठे आहे?

आठवड्याभरात आंब्याची पानं वळायला लागली.

हा आंबा बुंध्यापासून बारा-तेरा फुटांवर. सासऱ्यांनी दापोलीहून कलम आणलं होतं, एसटीत मांडीवर ठेवून, घराचा पाया भरला त्याच वर्षी. सासरे आता नाहीत. एका वर्षी कमी आणि दुसऱ्या वर्षी इतके आंबे की गल्लीत वाटायला पिशव्या कमी पडायच्या. त्याच्या कोवळ्या पालवीची पानं आधी वाटीसारखी आत वळली, मग देठ पिळवटल्यासारखे झाले, शेंडे खाली माना टाकून. भिंतीपलीकडे काकूंचा पारिजातक, त्याची नवी पानं बारीक लांबट, शिरा सगळ्या एकमेकीला चिकटून समांतर आल्यासारख्या. आमचा कढीपत्ता तर पंधरा दिवसांत गेलाच. कुंडीतली टोमॅटोची रोपं अशी वेडीवाकडी वळली की मी फोटो काढून भावाला पाठवले.

मामेभाऊ निफाडकडे द्राक्षं करतो. फोटो बघून लगेच फोन, "ताई, शेजारी कुणी टू-फोर-डी मारलंय का?" टू-फोर-डी म्हणजे एक तणनाशक. मी म्हटलं तुला कसं कळलं. तर म्हणाला द्राक्षवाल्याला हे शिकवावं लागत नाही, शेजारच्या उसात नाहीतर गव्हात कुणी टू-फोर-डी मारलं आणि वारा आपल्याकडे असला की वेलीची पानं अशीच पंख्यासारखी होतात, म्हणून तर आम्ही तणनाशकाचा पंपच वेगळा ठेवतो, तो पंप कितीही धुतला तरी बागेत नेत नाही. हे औषध झाडाच्या वाढीच्या संप्रेरकासारखं वागतं, म्हणून कोवळं जे असेल ते वेडंवाकडं वाढतं आणि मग मरतं. आणि त्याचा एस्टर प्रकार असेल तर उन्हात त्याची वाफ होऊन ती लांब जाते, मेच्या दुपारी मारायची तर गोष्टच नाही. हे सगळं एका शेतकऱ्याने मला फोनवर दहा मिनिटांत सांगितलं. ज्यांचा धंदाच झाडांचा आहे त्यांना माहीत नसावं हे मला पटत नाही.

आता कंपनीचं ऐका. पहिल्यांदा म्हणाले, मॅडम उन्हाने झालंय. मग पाऊस पडला तर म्हणाले करपा आहे, बुरशीनाशक मारा. मग मी मामेभावाने सांगितलेलं सगळं लिहून पाठवलं तेव्हा म्हणाले, आम्ही टू-फोर-डी वापरतच नाही, आम्ही ग्लायफोसेट नावाचं दुसरं तणनाशक वापरतो, ते मातीत पडलं की मातीला चिकटून निकामी होतं, बाजूच्या झाडाला काही होत नाही. मातीला चिकटतं हे खरं आहे, मी वाचलंय. पण हवेतून उडून पानावर पडलं तर? ते तर हिरवं जे असेल ते मारतं, निवड करत नाही. आणि ग्लायफोसेट असेल तर मग दुसरा प्रश्न. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायचं. मग तुमचं ते लायसन्स दाखवा म्हटलं. तेव्हापासून माझे मेसेज दोन निळ्या टिका होऊन पडलेत. शेवटचा निरोप त्यांच्या ऑफिसमधल्या मुलीचा, की साहेब म्हणतायत चार नवी रोपं देतो, विषय संपवा.

रोपं माझ्याकडे आहेत हो. मला ते औषध कुठलं होतं तेवढं सांगा.

मी लॅबला पण विचारलं, माती आणि पानं तपासून द्याल का. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कशासाठी तपासायचं? कारण नेहमीच्या अवशेष तपासणीत एकदम ढीगभर औषधं बघतात त्यात ग्लायफोसेट येत नाही, त्याची टेस्ट वेगळी करावी लागते, टू-फोर-डीच्या जातीची वेगळी. प्रत्येकाचे पैसे वेगळे. आणि टू-फोर-डी ओल्या गरम मातीत काही आठवड्यांतच विरून जातं, म्हणजे मी नाव शोधत बसेपर्यंत पुरावाच संपतो. बघा, बिलावर फक्त एक शब्द असता, औषधाचं नाव, तर हा अख्खा वाद एका दिवसाचा होता. मामेभाऊ म्हणाला नाव कळलं असतं तर पहिल्या आठवड्यातच वरची माती काढून टाकता आली असती, काही औषधांवर कोळशाची पूड टाकतात तेही करून बघता आलं असतं. आम्ही काय केलं, कंपनीच्या सांगण्यावरून बुरशीनाशक मारत बसलो. जूनचा महिना त्यात गेला.

म्हणून मी तुमच्याकडे आलेय. ग्राहक आयोगाचं मी बघतेय, तिथे २०१९ च्या कायद्याखाली सेवेतल्या त्रुटीसाठी दोन वर्षांच्या आत जाता येतं, तो कागद तयार होतोय, ते माझं मी लढेन. पण तुमच्याकडे पहिला अर्ज दिला तेव्हा जे उत्तर मिळालं त्याने मला जास्त वाईट वाटलं. काउंटरवरचे साहेब म्हणाले, "आंबा कुणी तोडला का? नाही ना? मग आमच्याकडे कसली तक्रार?" आवाजात तुसडेपणा नव्हता, खरंच त्यांना तसं वाटत होतं. तर साहेब, आपला जो १९७५ चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन कायदा आहे त्याच्या व्याख्येतच लिहिलंय की झाड तोडणे यात जाळणे, कापणे आणि कुठल्याही प्रकारे झाडाला इजा करणे हे सगळं येतं. कुऱ्हाडच लागली पाहिजे असं कुठेही नाहीये. कर्नाटकच्या १९७६ च्या आणि दिल्लीच्या १९९४ च्या कायद्यात तर झाड मारणारं रसायन वापरणं हे शब्द सरळ घातलेत. आपल्याकडे ते शब्द नसतील, अर्थ तोच निघतो. कंपनीने आंब्यावर मुद्दाम मारलं असं मी म्हणत नाहीये. पण निष्काळजीपणे मारलं आणि आता लपवतायत, याची निदान नोंद तरी कुठेतरी व्हायला नको का?

आणि मुद्दाम मारणारे पण आहेतच की. बुंध्याला ड्रिलने भोक पाडायचं, विष भरायचं, वरून मातीने बुजवायचं, दोन महिन्यांत झाड वाळलं की "धोकादायक झाड" म्हणून तुमच्याचकडे परवानगीला यायचं, हे आता कुणाला नवीन राहिलं नाही. घाटकोपरला छेडानगरात १३ मे २०२४ ला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, तेव्हा बातम्यांमध्ये हेही आलं की तिथली झाडं होर्डिंग दिसावं म्हणून विष घालून मारल्याची तक्रार महापालिकेने आधीच पोलिसात दिली होती. तिथे जे हत्यार वापरलं तेच माझ्या दारात "ट्रीटमेंट" म्हणून आलं. तेच ड्रिल आणि तसलीच बाटली. आज कुणी विचारलं की या शहरात कोणाकडे असल्या बाटल्या आहेत आणि त्या कुठे ओतल्या, तर तुमच्या कार्यालयात एकाही कागदावर त्याचं उत्तर नाही. कुठलं झाड, घेर किती, वय किती, कारण काय, बदल्यात किती लावणार, सगळं फॉर्मवर आहे. तोडून झाल्यावर बुंध्याचं काय करणार याला रकानाच नाही.

माझी मागणी एवढीच आहे की तो रकाना घाला. बुंधा खणून काढणार, मशीनने दळून काढणार, नुसता ठेवणार की औषध घालणार, आणि औषध घालणार असतील तर कुठलं, किती, कधी, कोण. परवानगीच्या अटीतच लिहा की औषधाचं नाव आणि बॅच नंबर बिलावर आला पाहिजे आणि काम करायच्या आधी भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्यांना कळवलं पाहिजे. झाडावर नोटीस तुम्ही लावताच, त्यातच एक ओळ वाढवायची आहे. काकूंना आधी कळलं असतं तर त्यांनी त्या दिवशी पारिजातकावर जुनी चादर तरी टाकली असती, वाळत घातलेले कपडे काढले असते, पिण्याच्या पाण्याचा हंडा झाकला असता. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे आणि तणनाशकंसुद्धा त्यातच येतात, डब्यावर विष किती जहाल ते सांगणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, विषबाधा झाली तर काय करायचं ते मराठीत लिहिलेला कागद डब्यासोबत असतो. हे सगळं कशासाठी केलंय, पाण्याच्या बाटलीत ओतून कागद फेकून द्यायला? बाटलीतलं औषध घेऊन येणाऱ्या ठेकेदाराला तुमच्या यादीत ठेवू नका. हे तुमच्या हातात आहे, याला मंत्रालयात जायची गरज नाही.

त्या पोराचं पण बघा. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणी करताना विषबाधा होऊन २० पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा सगळ्यांनी मास्क आणि ग्लोव्हजच्या गोष्टी केल्या. ती शेतातली फवारणी होती म्हणून शहरातल्या लोकांना वाटलं आपला काय संबंध. माझ्या अंगणात तेच झालं, भरदुपारी, माझ्या डोळ्यासमोर, आणि मी सरबत देऊन आत गेले. त्याचा नंबर माझ्याकडे नाही. कंपनीला विचारलं तर म्हणतात तो गावी गेला. का गेला, बरा आहे का, कुणी सांगत नाही.

काकूंबद्दल लिहायचं राहूनच जाईल म्हणून लिहिते. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, पारिजातकाची फुलं रोज सकाळी वेचून देवाला वाहायच्या, श्रावणात लक्ष वाहायचा नेम असायचा त्यांचा. यंदा श्रावणात झाड उभं होतं पण फांद्या अर्ध्या उघड्या. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, तू कशाला रडतेस, तू थोडंच ओतलंस. पण ठेकेदार मी बोलावला होता, गॅरंटीसाठी फोन मी केला होता. भिंत पडली तेव्हा त्यांच्या बाजूला माझी भिंत पडली, आणि ती दुरुस्त करायच्या नादात त्यांचं झाड गेलं. नुकसानभरपाई मागायची तर काकूंच्या पारिजातकाची किंमत मी अर्जात किती लिहू? नर्सरीत रोप साठ-सत्तर रुपयांना मिळतं, कंपनीचा वकील तेच म्हणणार.

आंब्याला गेल्या पंधरवड्यात एका फांदीला, भिंतीपासून लांबच्या, तांबूस पालवी आलीये. पानं अजून थोडी आत वळतात पण पहिल्यापेक्षा सरळ आहेत. बाकी तीन फांद्या शेंड्याकडून वाळत खाली येतायत. मामेभाऊ म्हणतो आत्ता करवत लावू नकोस, पाणी दे, खत घालू नकोस, पुढच्या मोहोरापर्यंत थांब, झाडाला ठरवू दे. मी थांबलेय.

तुमच्या वृक्ष अधिकाऱ्यांनी एकदा येऊन दोन्ही झाडं बघावीत, पंचनामा करावा, आणि कंपनीला नोटीस काढून फक्त औषधाचं नाव लेखी मागावं, ही माझी आत्ताची विनंती. माझ्या प्रश्नाला ते उत्तर देत नाहीत, तुमच्या नोटिसीला द्यावंच लागेल. ती बाटली मी फेकलेली नाही. झाकण टेपने बंद करून, प्लास्टिकच्या डब्यात, मुलांचा हात पोचणार नाही अशी माळ्यावर ठेवलीये, वर मोठ्या अक्षरात विष असं लिहिलंय. येत्या सोमवारी अकरा वाजता मी काकूंच्या मुलाला घेऊन तुमच्या कार्यालयात येतेय, तारखेसहित फोटो, कोटेशन, बिल आणि मेसेजच्या प्रिंट सोबत असतील. बाटली आणू की तुमचा माणूस घरून सील करून नेईल, तेवढं आधी कळवा, कारण असली वस्तू घेऊन रिक्षात बसायचं मला योग्य वाटत नाही.

आपली,
एक घरमालकीण आणि करदाती